कोरड्या लिखाणाची कहाणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे व्यासपीठावर उभे राहिले की समोर फळा नाही याचीच चुकचुक लागते. आज बोलण्यासाठी मी जो विषय निवडला आहे तो मोठा नाही, पण तुमच्यापैकी प्रत्येकाच्या पिशवीत आहे. शाळेत प्रवेश घ्यायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, नोकरीसाठी मुलाखतीला जायचे, की आपण आधी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "दोन झेरॉक्स काढा." दुकानदार कागद काचेवर पालथा घालतो, एक प्रकाशाची पट्टी सरकते आणि ऊनऊन कागद आपल्या हाती येतो. पाच सेकंदांचे काम. या पाच सेकंदांमागे किती वर्षांची मेहनत आहे आणि ती कोणी केली, हे मी आज सांगणार आहे.

आधी माझीच एक गोष्ट सांगतो. १९७४ साली मी एस.एस.सी. झालो. पुढे एका तांत्रिक अभ्यासक्रमाला अर्ज केला. तेव्हा आमच्या तालुक्याला नक्कल काढण्याचे यंत्र कोणी पाहिलेले नव्हते. कचेरीबाहेर झाडाखाली एक टायपिस्ट बसत. त्यांनी माझे गुणपत्रक टाइप करून दिले आणि एका साहेबांनी त्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारून सही केली. गणितात मला ७८ गुण होते. टाइप झाले ८७. ना टायपिस्टच्या लक्षात आले, ना साहेबांच्या, ना माझ्या. मूळ पत्रक आणि नक्कल यांत तफावत, म्हणून अर्ज परत आला. पुन्हा पाठवेपर्यंत मुदत संपली होती. माझे एक वर्ष गेले. टायपिस्टला मी दोष देत नाही. सकाळपासून तो बिचारा तेच काम करीत होता. माणूस नक्कल करतो तेव्हा चुकतो, एवढेच मी त्या दिवशी शिकलो.

नेमक्या याच कटकटीने अमेरिकेतला एक कारकुनी करणारा पदवीधर बेजार झाला होता. त्याचे नाव चेस्टर कार्लसन.

कार्लसनचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी सिॲटल या गावी झाला. वडील न्हावीकाम करीत. त्यांना क्षय आणि संधिवात जडला आणि धंदा बंद पडला. आईलाही क्षयाने गाठले. चेस्टर सतरा वर्षांचा असताना ती वारली. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे तो वाढला. आठव्या वर्षापासून तो मिळेल ते काम करू लागला आणि चौदा-पंधराव्या वर्षी घरातला मुख्य कमावता तोच होता. शाळेच्या आधी काम, शाळेनंतर काम. त्यात काही काळ तो एका छापखान्यात राबला. तिथून एक जुने छपाईयंत्र मिळवून त्याने रसायनशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी एक लहानसे मासिकही सुरू केले. एकेक खिळा जुळवून छापणे किती जिकिरीचे असते ते त्याला त्या कोवळ्या वयातच कळले.

तरीही त्याने शिक्षण सोडले नाही. रिव्हरसाइडच्या कॉलेजात काही आठवडे काम आणि काही आठवडे वर्ग अशी योजना होती. तीत तो शिकला. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९३० साली त्याने भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पदवी हाती आली तेव्हा डोक्यावर कर्ज होते आणि देशात महामंदी सुरू झाली होती. विद्यार्थी मित्रांनो, पुढचे वाक्य नीट ऐका. त्याने नोकरीसाठी ८२ कंपन्यांना अर्ज पाठवले. त्यांपैकी दोघांनी उत्तर दिले आणि नोकरी एकानेही दिली नाही.

शेवटी न्यूयॉर्कला बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये त्याला जागा मिळाली. प्रयोगशाळेतले काम कंटाळवाणे वाटले म्हणून तो पेटंट विभागात गेला. १९३३ साली मंदीमुळे तीही नोकरी सुटली. मग मॅलरी नावाच्या विजेच्या सामानाच्या कंपनीत तो पेटंटचेच काम पाहू लागला. पेटंट म्हणजे काय, तर नव्या शोधाचा हक्क शोधकाला मिळावा म्हणून सरकारदरबारी केलेली नोंद. या नोंदीत शोधाचे वर्णन असते, आकृत्या असतात आणि त्यांच्या प्रती अनेकांना द्याव्या लागतात. कार्बन कागद घालून टाइप केले तर थोड्याच प्रती निघत. जास्त हव्या असल्या तर सगळे पुन्हा टाइप करा, पुन्हा ताडून पाहा. आकृत्यांचा तर फोटोच काढावा लागे. त्याला वेळ लागे आणि पैसेही पडत. याच सुमारास कार्लसन रात्रीच्या वर्गात कायदा शिकत होता. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो सार्वजनिक वाचनालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेई. वडिलांप्रमाणे त्यालाही संधिवात होता. पाठ दुखे, बोटे आखडत. बटण दाबताच कागदाची प्रत मिळावी, ही इच्छा त्या दुखण्यातून जन्मली.

इच्छा पुष्कळांना होते. कार्लसनचे वेगळेपण पुढे आहे. फोटोग्राफीवर काम करायला कोडॅकसारख्या कंपन्यांकडे मोठमोठ्या प्रयोगशाळा होत्या. तिथे आपला निभाव लागणार नाही हे त्याने ओळखले. तेव्हा रसायनाचा मार्ग सोडून दुसरा एखादा आहे का, हे शोधण्यासाठी तो रोज संध्याकाळी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात बसू लागला. प्रवेश फुकट, पुस्तके फुकट. तिथे त्याला हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल सेलेनी यांचे लेख सापडले. विजेच्या भाराने पृष्ठभागावर चित्र उमटवता येते आणि भुकटी टाकून ते दिसू लागते, असे सेलेनींनी दाखवले होते. त्याचे मूळ आणखी मागे जाते. १७७७ च्या सुमारास जर्मनीत गटिंगेन येथे लिख्टेनबर्ग नावाच्या प्राध्यापकाला असे आढळले की, विद्युतभारित राळेच्या वडीवर धूळ बसते ती चांदण्यांसारख्या आकृत्या करून बसते. म्हणजे बी दीडशे वर्षांहून अधिक काळ पुस्तकात पडून होते.

आता थोडे विज्ञान. केसांवरून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडून चिकटतात. हा खेळ आपण सर्वांनी केला आहे. घासल्याने कंगव्यावर विजेचा भार साठतो आणि तो हलक्या वस्तूंना ओढून घेतो. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अशी की काही पदार्थ अंधारात वीज वाहू देत नाहीत, पण उजेड पडला की वाहू देतात. कार्लसनची सगळी बुद्धिमत्ता या दोन गोष्टींची सांगड घालण्यात आहे. असा पदार्थ धातूच्या पत्र्यावर लावा. अंधारात त्यावर विजेचा भार चढवा. मग मूळ लिखाणाची प्रकाशछाया त्यावर पाडा. कागदाच्या पांढऱ्या भागाचा उजेड जिथे पडेल तिथला भार निघून जाईल; काळ्या अक्षरांच्या जागी उजेड नाही, तिथे भार राहील. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी विजेची अक्षरे तयार झाली. त्यांवर भुकटी टाका, ती अक्षरांना चिकटेल. कागद दाबून ती भुकटी उचला आणि उष्णता देऊन पक्की करा. शाई नाही, पाणी नाही, रसायनात बुडवणे नाही. सगळे कोरडे.

१९३७ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा हे सारे कागदावरच होते. स्वयंपाकघरात शेगडीवर गंधक वितळवून तो पत्र्यावर ओती. वासाने घरचे आणि शेजारीपाजारी हैराण होत. अखेर न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात सासूबाईंच्या मालकीच्या घरात त्याने वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली आणि पदरच्या तुटपुंज्या पैशातून ऑटो कॉर्नाय नावाच्या तरुण इंजिनियरला मदतीस ठेवले. कॉर्नाय ऑस्ट्रियातून आलेला निर्वासित होता आणि त्यालाही काम मिळत नव्हते. २२ ऑक्टोबर १९३८ चा तो दिवस. कॉर्नायने काचेच्या पट्टीवर शाईने '१०-२२-३८ ॲस्टोरिया' असे लिहिले. खिडकीचा पडदा ओढून अंधार केला. गंधक चढवलेला जस्ताचा पत्रा रुमालाने खसाखसा घासला, त्यावर काचपट्टी ठेवून काही सेकंद दिव्याखाली धरली. मग पट्टी उचलून लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजकणांची पिवळसर भुकटी भुरभुरली आणि फुंकर मारली. उरलेल्या भुकटीत तीच अक्षरे उभी होती. ती मेणकागदावर उचलली, कागद थोडा तापवला आणि जगातली पहिली कोरडी नक्कल तयार झाली.

यानंतर कार्लसनचे नशीब उघडले असेल असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. कॉर्नायला यात भविष्य दिसले नाही. वर्षभरात तो दुसऱ्या नोकरीवर निघून गेला. पुढची पाच वर्षे कार्लसन कंपन्यांचे उंबरठे झिजवीत होता. आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए अशा वीसहून अधिक कंपन्यांनी नकार दिला. धुरकट अक्षरे आणि गंधकाचा पत्रा पाहून त्यांना त्यात काही अर्थ वाटला नाही. १९४२ साली पेटंट मंजूर झाले, पण घेणारा कोणी नव्हता. या ध्यासाची झळ घरालाही लागली. १९४५ मध्ये त्याचा पहिला संसार मोडला. हेही सांगितले पाहिजे, कारण यशाच्या गोष्टीतून आपण किंमत वगळतो.

१९४४ साली ओहायो राज्यातील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने त्याची कल्पना हाती घेतली आणि इथून पुढे कहाणी एका माणसाची राहत नाही. पालक मित्रहो, आपण मुलांना शोधांच्या गोष्टी सांगतो तेव्हा एका माणसाला एका क्षणी सुचले आणि शोध लागला, असे सांगतो. प्रत्यक्षात रुमालाने घासलेला पत्रा आणि दुकानातले यंत्र यांच्यामध्ये शोधांची एक मोठी साखळी आहे.

गंधकाला फार उजेड लागे. बॅटेलमधील विल्यम बिक्स्बी यांनी सेलेनियम वापरून पाहिले. ते कितीतरी अधिक संवेदनक्षम निघाले. रुमालाने घासून भार सारखा चढत नसे. त्यासाठी लुइस वॉकअप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च दाबाची वीज सोडलेली बारीक तार पत्र्यावरून फिरवण्याची युक्ती काढली. भुकटी नको तिथेही चिकटून पार्श्वभूमी काळवंडे. त्यावर एडवर्ड वाइज यांनी उपाय शोधला. त्यांनी भुकटीबरोबर जाड मणी मिसळले. मण्यांवर घासून भुकटीला उलट जातीचा भार मिळतो आणि ती मण्यांना चिकटून राहते. मणी पत्र्यावरून घरंगळतात तेव्हा जिथे अक्षराची ओढ अधिक, तिथेच भुकटी सुटते. इतर ठिकाणची ती मणी परत घेऊन जातात. या भुकटीलाच आपण टोनर म्हणतो.

टोनर म्हणजे वाळलेली शाई असे अनेकांना वाटते. तसे नाही. तो मुख्यतः प्लॅस्टिकचा बारीक चुरा असतो आणि त्यात काजळी मिसळलेली असते. उष्णतेने प्लॅस्टिक वितळते आणि कागदाच्या तंतूंना धरून बसते. म्हणून झेरॉक्स पाण्याने पसरत नाही. दुकानात मिळणारा कागद ऊन लागतो तोही त्यामुळेच. आतल्या तापलेल्या रुळांमधून, साधारण दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेतून तो नुकताच बाहेर आलेला असतो. आजच्या टोनरचा कण पाच ते आठ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा असतो. पूर्वी प्लॅस्टिक कुटून तो करीत. त्यामुळे कण वेडेवाकडे असत. पुढे रसायनाच्या साह्याने थेंबासारखे गोल कण वाढवण्याची रीत निघाली. कण जितका लहान आणि एकसारखा, तितके अक्षर रेखीव.

बॅटेलला पैसा कमी पडू लागला तेव्हा पुढे आली ती रॉचेस्टर गावातील हॅलॉइड नावाची लहान कंपनी. फोटोचे कागद बनवणारी ही कंपनी बलाढ्य कोडॅकच्या सावलीत कशीबशी तग धरून होती. तिचे तरुण प्रमुख जोसेफ विल्सन यांनी १९४७ मध्ये या शोधाचे हक्क घेतले. ओहायो स्टेट विद्यापीठातील ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाने नाव सुचवले: 'झेरोग्राफी', अर्थात कोरडे लिखाण. २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, ॲस्टोरियाच्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, डेट्रॉइट येथे तो जगापुढे मांडला गेला. १९४९ मध्ये पहिले यंत्र आले, पण ते हाताने चालवावे लागे आणि नकला काढण्यासाठी कोणाला आवडले नाही. सुदैवाने ऑफसेट छपाईच्या प्लेटा बनवायला ते उत्तम ठरले आणि त्याच मिळकतीवर पुढचे संशोधन चालले. त्या वर्षांत कंपनीने नफ्यापेक्षा अधिक पैसा या एका कामात ओतला.

१६ सप्टेंबर १९५९ रोजी '९१४' हे यंत्र न्यूयॉर्कमध्ये दाखवण्यात आले. नऊ इंच बाय चौदा इंच कागदाची नक्कल काढते म्हणून ९१४. वजन जवळजवळ तीनशे किलो, मिनिटाला सात प्रती. ड्रमवर उरलेला टोनर झाडण्यासाठी त्यात सशाच्या फराचा ब्रश होता. प्रदर्शनात मांडलेल्या दोन यंत्रांपैकी एकाने पेट घेतला, दुसरे सुदैवाने चालले! आत कागद अडकला की जळे, म्हणून यंत्राबरोबर एक लहान अग्निशामक देत. एवढे महाग यंत्र विकत कोण घेणार? म्हणून ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले, त्यात दोन हजार प्रती मोफत. ऑफिसांची भूक त्याहून फार मोठी निघाली. १९६१ मध्ये कंपनीने आपले नावच 'झेरॉक्स' करून टाकले. ॲस्टोरिया ते ९१४, मध्ये एकवीस वर्षे गेली होती.

कार्लसन कोट्यधीश झाला. त्याची राहणी साधीच राहिली. मिळालेल्या संपत्तीचा फार मोठा भाग, दहा कोटी डॉलरहून अधिक, त्याने शिक्षण, शांतता आणि समाजकार्यासाठी देऊन टाकला, आणि तोही बहुतेक आपले नाव कोठे न येऊ देता. अर्ध्यावर सोडून गेलेल्या कॉर्नायलाही तो विसरला नाही. त्याला त्याने कंपनीचे शंभर शेअर्स भेट दिले. १९ सप्टेंबर १९६८ रोजी त्याचे निधन झाले.

साखळी मात्र थांबली नाही. रॉचेस्टरजवळच्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत गॅरी स्टार्कवेदर नावाचा प्रकाशशास्त्राचा तरुण होता. १९६७ च्या सुमारास त्याच्या मनात आले की मूळ कागदाची छाया पाडण्याऐवजी लेसर किरणानेच ड्रमवर अक्षरे लिहिली तर? मग मूळ कागदाची गरजच नाही. संगणकात जे असेल ते थेट छापता येईल. वरिष्ठांनी त्याला हा नाद सोडायला सांगितले. त्याने काळे पडदे लावून लपूनछपून काम केले आणि १९७१ साली कॅलिफोर्नियातील कंपनीच्या नव्या केंद्रात बदली करून घेतली. त्याच वर्षी त्याचे यंत्र तयार झाले. फिरत्या, अनेक पैलूंच्या आरशावरून लेसर किरण ड्रमवर ओळीमागून ओळ फिरतो. त्यात एक गंमत आहे. जुन्या नक्कलयंत्रात उजेड पडे ती जागा पांढरी राही. लेसर प्रिंटरमध्ये सहसा याच्या उलट करतात. किरण जिथे पडेल तिथेच टोनर बसतो. पानावर काळे कमी आणि पांढरे जास्त असते, तेव्हा काळे तेवढेच लिहिणे सोयीचे. १९७७ चे झेरॉक्सचे मोठे यंत्र मिनिटाला १२० पाने छापी.

हे यंत्र घराघरांत आणण्याचे श्रेय जपानच्या कॅनन कंपनीला जाते. छोटे नक्कलयंत्र घरी ठेवले तर ते दुरुस्त करायला माणूस कोठून आणायचा? त्यांच्या इंजिनियरांनी विचार केला की जे झिजते आणि बिघडते, म्हणजे ड्रम, टोनर आणि साफ करण्याची पट्टी, ते सगळे एका डबीत घालू आणि डबीच बदलू. ड्रम स्वस्तात कसा करावा हे बिअरच्या ॲल्युमिनियमच्या डब्याकडे पाहून सुचले, असे सांगतात. १९८२ मध्ये अशी यंत्रे बाजारात आली आणि त्याच धर्तीच्या कॅननच्या यंत्रावर ह्यूलेट-पॅकार्डने १९८४ साली आपला लेसरजेट प्रिंटर काढला.

आपल्याकडे १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना उत्तर प्रदेशात रामपूरला होता. पाहता पाहता कंपनीचे नाव आपल्या भाषेत क्रियापदासारखे वापरले जाऊ लागले. एस.टी.डी. आणि झेरॉक्सच्या एकाच टपरीवर किती कुटुंबे उभी राहिली! आणि अशा स्मरणिका, ज्यांच्यासाठी कंपोझिटर खिळे जुळवीत आणि उर्दू पानांसाठी कातिब बोरूने लिहीत, त्यांचा मजकूर संगणकावर जुळवून लेसर प्रिंटरवर निघू लागला.

आता मुद्द्याकडे येतो. मित्रहो, ही कहाणी मी तुम्हाला का सांगितली? पहिली गोष्ट अशी. ८२ नकार आले तरी चिकाटी धरा म्हणजे यश मिळेलच, असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. चिकाटी धरलेले आणि तरीही मागे राहिलेले अनेक लोक मी पाहिले आहेत. कार्लसनला बॅटेल भेटली, विल्सन भेटला. भेटले नसते तर त्याची काचपट्टी आज कोणाला ठाऊक नसती. पण ती भेट होईपर्यंत त्याच्याकडे दाखवण्याजोगे काहीतरी तयार होते. कल्पना सुचली की तो वहीत लिहून ठेवी. बेलमध्ये असतानाच त्याने अशा चारशेहून अधिक कल्पना नोंदवल्या होत्या. तारीख घालून लिहिण्याची सवय इतकी पक्की की त्याने पहिली नक्कल काढली तीदेखील तारखेचीच. आपल्या हातात एवढेच असते: तयारी.

दुसरी गोष्ट वाचनालयाची. हा शोध एका गरीब माणसाला फुकट मिळालेल्या खुर्चीवर आणि फुकट वाचायला मिळालेल्या मासिकांत सापडला. आपण शाळेला इमारत बांधतो, रंग देतो, गॅदरिंग करतो. वाचनालयाची खोली मात्र सर्वांत शेवटी, जिन्याखाली. पालकांनी आणि चालकांनी याचा विचार करावा. संध्याकाळी दोन तास उघडी राहणारी, दिवा आणि पंखा असलेली एक खोली, ज्या मुलाच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही त्याच्यासाठी प्रयोगशाळेइतकीच मोलाची आहे.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. परीक्षा आली की मुले दुसऱ्याच्या वह्यांच्या शंभर शंभर पानांच्या झेरॉक्स काढतात आणि अभ्यास झाला असे समजून निवांत झोपतात. दिल्ली विद्यापीठातील एका झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील उतारे अशा रीतीने काढून देणे कायद्यात बसू शकते. तेव्हा नक्कल काढण्याची सवलत तुम्हाला आहे. वाचण्यापासून सवलत नाही. कार्लसन हाताने उतरवून घेत होता तेव्हा त्याची बोटे दुखत होती हे खरे, पण ते पान त्याच्या डोक्यातूनही जात होते.

आणि शेवटी पुन्हा माझ्या ७८ आणि ८७ कडे. झेरॉक्सच्या यंत्राला अक्षरओळख नाही, म्हणून ते माझ्या टायपिस्टसारखे चुकत नाही, असे मी वर्गात अनेक वर्षे सांगत असे. २०१३ मध्ये मला ते वाक्य बदलावे लागले. डेव्हिड क्रिझेल नावाच्या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या ध्यानात आले की काही नव्या यंत्रांवर स्कॅन केलेल्या नकाशात आकडे बदलत आहेत, सहाच्या जागी आठ येत आहेत! जागा वाचवण्यासाठी ती यंत्रे सारखी दिसणारी अक्षरे एकच समजत आणि एकाच्या जागी दुसरे बसवीत. कंपनीने पुढे ती चूक दुरुस्त केली. पण यंत्र ओळखू लागले की तेही माणसासारखे चुकू लागते, हे त्या दिवशी दिसले.

म्हणून प्रत कितीही सुबक आली तरी मूळ कागदाशी एकदा ताडून पाहा. हे मी अर्जाला जोडायच्या कागदांविषयी सांगतो आणि ऐकलेल्या, वाचलेल्या, पुढे पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीविषयीही सांगतो. माझे एक वर्ष गेले ते दुसऱ्याच्या चुकीमुळे, असे मी पुष्कळ दिवस म्हणत असे. खरे तर ते पत्रक पाकिटात घालण्यापूर्वी मी स्वतः वाचले नव्हते.